धडा उघडायच्या आधीची पाच मिनिटं

मा. संपादकसाहेब,
सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरात एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवते, नववी-दहावीला, २२ वर्षं झाली. पेपरला पत्र पहिल्यांदाच लिहितेय आणि ते जरा लांबणार आहे. जागेअभावी कापलंत तरी चालेल, खरं मधली पोरांची उदाहरणं तेवढी ठेवा, कारण सांगायचंय ते सगळं त्यातच आहे.

विषय एवढाच, की उताऱ्याच्या तासाची सुरुवात कशी करायची.

शाळा सुरू झाल्यावर नववीला एक अपठित उतारा दिला होता. दहा मिनिटांत निम्म्या वर्गाचं झालं. एका मुलीची वही बघितली, चौकटी बरोबर, आकृतिबंध बरोबर, एका वाक्यातली उत्तरं बरोबर, अक्षर तर मोत्यासारखं. शेरा मारता मारता सहज विचारलं, बाळ, हा माणूस शेवटी गाव सोडून का गेला गं? ती माझ्याकडं बघतच राहिली. मग अगदी प्रामाणिकपणे म्हणाली, "मॅडम, मी उत्तरं काढलो, वाचलो न्हाई."

आमच्याकडं मुलीही आलो-गेलो-केलोच म्हणतात, ते मी कधी दुरुस्त करत नाही, घरची भाषा आहे ती. खरं ते वाक्य माझ्या डोक्यातून काही गेलं नाही. उत्तरं काढलो, वाचलो नाही. त्या पोरीनं आमच्या सगळ्या पद्धतीचं वर्णन पाच शब्दांत केलं आणि त्यात तिची चूक काहीच नव्हती, कारण आम्हीच सांगतो ना की आधी प्रश्न बघा, मग उताऱ्यात तो शब्द शोधा, त्याच्या आजूबाजूची ओळ उचला, वेळ वाचतो. वेळ वाचतो हे खरंच, वाचायचंच राहतं.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर हे लिहिलं. "काल दुपारी तिमळ्या खरबडीने दोन झिंगुटे रापाटली. त्यामुळे कुडमा फारच चिंबळला. शेवटी त्याने दोन्ही झिंगुटे मोरपाटात ठेवली." आणि खाली प्रश्न. झिंगुटे कोणी रापाटली? कुडमा का चिंबळला? झिंगुटे शेवटी कुठे ठेवली? पोरं आधी हसली, मग लिहायला लागली, आणि तीनही प्रश्नांना अख्ख्या वर्गाला पैकीच्या पैकी! मराठीची सोयच अशी आहे, ने आला की करणारा सापडतो, त्यामुळे आलं की कारण सापडतं, त प्रत्यय आला की जागा सापडते. मग मी चौथा प्रश्न घातला, स्वमताचा. कुडम्याच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? वर्ग गप्प. मागच्या बाकावरनं एकजण म्हणाला, मॅडम कुडमा म्हणजे कोण हेच कळंना तर काय करू. म्हटलं, मग मगाशी तीन मार्क कशाचे घेतलास? त्या दिवशी पहिल्यांदा पोरांना स्वतःहून कळलं की उत्तर मिळणं आणि कळणं या दोन गोष्टी आहेत, मी दोन वर्षं तोंडानं सांगून जे झालं नव्हतं ते तीन ओळींत झालं. कुठल्याही शाळेत कुणीही हे करू शकतं, खडू सोडून काही लागत नाही, फक्त शब्द स्वतः बनवायचे आणि ते खरोखरच बिनअर्थाचे आहेत ना हे एकदा घरी बघून यायचं.

आता कुणी म्हणेल दहावीच्या कुमारभारतीत अपठित गद्याला असतात ४ मार्क, ८० पैकी, एवढ्यासाठी कशाला आटापिटा. गद्य विभाग अख्खा धरला तरी १८. पण गणितातलं शाब्दिक उदाहरण वाचूनच सोडवायचं असतं, विज्ञानातला प्रयोग वाचूनच समजायचा असतो, पुढं बँकेचा फॉर्म, विम्याची पॉलिसी, औषधाच्या बाटलीवरचं, सातबारा. उतारा काय फक्त मराठीच्या पेपरात येतो व्हय?

आम्ही जे बीएड झालोय त्यांना पाठ टाचण आठवत असेल. पहिला रकाना प्रस्तावना, मग हेतुकथन. हे मूळ हर्बार्ट नावाच्या जर्मन विचारवंताकडून आलंय, १७७६ ते १८४१ हा त्याचा काळ, आणि त्याच्या शिष्यांनी त्याच्या विचारांवरनं पाच पायऱ्या बांधल्या. कल्पना चांगलीच होती, नवीन गोष्ट डोक्यात जायला आधी जुन्या गोष्टीला तिची गाठ मारायला पाहिजे. पण आमच्यापर्यंत येईस्तोवर तिचं काय झालं बघा. पंधरा वर्षांच्या पोरांना आपण विचारतो, तुम्हाला कोणकोणती झाडं माहीत आहेत? झाडांचे उपयोग कोणते? मग तीच पुढच्या बाकावरची तीन पोरं हात वर करतात, आंबा, वड, सावली देतात, ऑक्सिजन देतात, आणि आपण म्हणतो छान, आज आपण झाडांविषयीचा पाठ अभ्यासणार आहोत, पुस्तकाचं पान अमुक उघडा. उरलेली ५५ पोरं तोपर्यंत दुसरीकडं गेलेली असतात. त्यांना वाचायचं कारणच मिळालेलं नसतं.

माझं म्हणणं हेच आहे की त्या पाच मिनिटांत पोराच्या डोक्यात असा एक प्रश्न उभा राहायला पाहिजे की ज्याचं उत्तर त्याला मैत्रिणीकडून नको, गाईडमधून नको, मॅडमकडून पण नको, त्याला त्या उताऱ्यातच जाऊन बघावंसं वाटायला पाहिजे.

गुऱ्हाळाचा किस्सा सांगते. मी एक छोटा उतारा स्वतः लिहिला, मुद्दाम कशाचंच नाव न घेता. तो असा: "ते आणल्यावर फार वेळ ठेवून चालत नाही. आधी सगळं पिळून घ्यायचं. मग मोठ्या भांड्यात घालून खालून जाळ ठेवायचा. वर जे येईल ते काढून टाकत राहायचं, त्यात आळस झाला तर शेवटी रंग बिघडतो. एका ठरावीक वेळी थेंब पाण्यात टाकून बघायचा. ती वेळ चुकली तर सगळी मेहनत वाया. मग ओतायचं, हलवायचं, गार होऊ द्यायचं आणि बांधून ठेवायचं." दोनदा वाचून दाखवला, म्हटलं वही मिटा, आठवतं तेवढं लिहा. शहरातल्या पोरांची नुसती तारांबळ, कुणी म्हणालं कपडे धुणं, कुणी तूप कढवणं, एकीनं बासुंदी लिहिलं, आणि आठवून लिहायला सांगितलं तर दोन-तीन वाक्यांपुढं कुणाची गाडी जाईना.

आणि एक पोरगा, करवीर तालुक्यातल्या एका गावातनं एसटीनं येतो, वर्षभरात त्यानं स्वतःहून हात वर केलेला मला आठवत नाही, तो उभाच राहिला. "मॅडम, गुऱ्हाळ हाय की हे." त्यानं जवळजवळ सगळा उतारा क्रमानं सांगितला आणि वर मी लिहिलं नव्हतं तेही सांगितलं, की वर येणाऱ्या घाणीला मळी म्हणतात, भांडं म्हणजे काहील, ओततात तो वाफा, ऊस तोडून ठेवला की रस उतरतो म्हणून थांबता येत नाही, आणि थेंब बघायचं काम गुळव्याचं, ते येरागबाळ्याचं नाही. वर्ग त्याच्याकडं बघत होता. वाचनात हा मुलगा कच्चा आहे असं माझ्या वहीत लिहिलेलं होतं, ते मी त्या दिवशी खोडलं.

यामागं काय आहे ते मी नंतर शोधून वाचलं. ब्रॅन्सफर्ड आणि जॉन्सन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये असाच प्रयोग केला होता, त्यांचा उतारा कपडे धुण्यावर होता, तोही असाच नाव न घेता लिहिलेला. ज्यांना विषय आधी सांगितला त्यांना बाकीच्यांच्या जवळपास दुप्पट आठवलं. आणि ज्यांना विषय ऐकून झाल्यावर सांगितला त्यांना त्याचा काही उपयोग झाला नाही, न सांगितलेल्यांएवढंच त्यांना आठवलं. ही दुसरी गोष्ट आम्हा शिक्षकांसाठी फार मोठी आहे हो. आम्ही काय करतो, आधी पोरांना धडपडत वाचू देतो आणि मग शेवटी समजावून सांगतो की हे अमक्याबद्दल होतं. तोपर्यंत वेळ गेलेली असते. चावी दार उघडायच्या आधी द्यायची असते.

दुसरा एक प्रयोग १९८८ चा, रेक्ट आणि लेस्ली यांचा, तिकडच्या सातवी-आठवीच्या ६४ मुलांवर केलेला. बेसबॉलच्या मॅचचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची खरं बेसबॉल पक्का माहीत असलेली मुलं, ही वाचनात हुशार पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांच्या पुढं गेली. आपल्याकडं बेसबॉलच्या जागी कुस्ती ठेवा की. गंगावेशीत तालमीला जाणाऱ्या पोराला ढाक, घिस्सा, पट काढणं यावरचा उतारा द्या आणि मग त्याला कच्चा म्हणून दाखवा.

म्हणून उतारा उघडायच्या आधी मी आता एक बघते की यातलं असं काय आहे जे माहीत नसेल तर पोरगं दाराबाहेरच राहील. सगळ्या अवघड शब्दांची यादी नव्हे. वीस शब्द फळ्यावर आणि समोर अर्थ, पोरं उतरवून घेतायत, यात अर्धा तास जातो आणि उतारा सुरू व्हायच्या आधीच मरतो. एक किंवा दोनच गोष्टी. आपल्याच पेपरात जुलैमध्ये रोज छापून येतं की राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी इतके फूट इतके इंच. आमच्या पोरांना ३९ फूट म्हटलं की कळतं इशारा पातळी, ४३ म्हटलं की धोका, ४३ च्या पुढं गेलं की शिवाजी पुलाकडं काय होतं, कुठला रस्ता बंद होतो, कुणाच्या घरात पाणी येतं. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, हे सांगायला त्यांना पुस्तक लागत नाही. आणि तीच ओळ नागपूरच्या पोरासमोर ठेवा, त्याला नुसता एक आकडा दिसेल. हे मी वर्गात पेपर हातात धरून दाखवते. विचारते, या एका ओळीत तुम्हाला जे दिसतं ते यात लिहिलंय का? नाही. मग कुठून आलं? पोरं विचारात पडतात. मग म्हणते, आता हा दुसरा उतारा वाळवंटातल्या पाण्याबद्दल आहे, तिथं तुम्ही नागपूरवाले आहात. तिथल्या माणसांना काय माहीत असेल जे तुम्हाला नाही, ते शोधत वाचा. बास, सुरुवात झाली, चार मिनिटं लागतात.

पोरांना सगळ्यात आवडलेली सुरुवात मात्र चोराची. पिचर्ट आणि अँडरसन यांचा १९७७ चा प्रयोग आहे, एका घराचं वर्णन, दोन मुलं शाळा बुडवून त्या घरी जातात, आणि वाचणाऱ्यांपैकी काहींना सांगितलं तुम्ही चोर आहात असं समजून वाचा, काहींना सांगितलं तुम्ही घर विकत घ्यायला आलाय. ज्याच्या त्याच्या कामाचं तेच ज्याच्या त्याच्या लक्षात राहिलं. मी आपल्याकडच्या एका जुन्या वाड्याचं वर्णन लिहिलं, दिंडी दरवाजा, चौक, माजघर, ओल आलेली भिंत, देवघरातली चांदीची समई, परसातला आड, माडीवर जायचा करकरणारा जिना, कोनाड्यात राहिलेली लहान मुलाची पाटी. वर्गाचे तीन भाग केले. एक भाग चोर, एक भाग वाडा विकत घ्यायला आलेला, आणि तिसरा भाग, ही भर माझी स्वतःची, या वाड्यातनं चाळीस वर्षांपूर्वी सासरी गेलेली आत्या.

काय वाचलं पोरांनी! चोरांनी समई धरली आणि जिना वाजतो हे पण धरलं, एक म्हणतो मॅडम जिना नको, आडाकडनं जायचं. विकत घेणाऱ्यांनी ओल धरली, किंमत पाडून मागायची म्हणाले. आणि आत्या झालेल्या मुलींपैकी एकीनं कोनाड्यातली पाटी धरली, ती म्हणाली ही पाटी अजून तिथंच आहे म्हणजे मी गेल्यावर त्या कोनाड्याला कुणी हातच लावलेला नाही. हे उताऱ्यात कुठंही लिहिलेलं नव्हतं. यालाच आकलन म्हणतात ना? ते मला त्या दिवशी शिकवावं लागलं नाही, फक्त वाचायच्या आधी कोण म्हणून वाचायचं तेवढं सांगावं लागलं. आणि नंतर एकमेकांची उत्तरं ऐकून पोरांनी आपणहून परत उतारा उघडला, दुसऱ्याला दिसलं ते आपल्याला कसं दिसलं नाही म्हणून. दुसऱ्यांदा वाचा म्हणून मी एरवी किती ओरडते.

आणखी एक सुरुवात आहे ती वर्गात भांडण लावायची, म्हणजे चांगल्या अर्थानं. शाहू महाराजांवरचा उतारा होता. नेहमीची प्रस्तावना काय झाली असती ते तुम्हाला माहीतच आहे, शाहू महाराजांचा जन्म कधी, त्यांना काय म्हणतात, राजर्षी. कोल्हापूरच्या पोराला हे झोपेतनं उठवलं तरी येतं. मी विचारलं, पोर शाळेत आलं नाही म्हणून आईबापाला सरकारनं दंड करावा का? करावा म्हणणारे खिडकीकडं उभे राहा, नाही म्हणणारे दाराकडं, मधे कुणी थांबायचं नाही. निम्मा वर्ग इकडं निम्मा तिकडं. दारापाशी एक मुलगा म्हणाला मॅडम ज्याच्या घरात खायला नाही त्याला दंड कसला लावताय, पोरगं कामाला गेलं तर संध्याकाळी चूल पेटती. खिडकीकडनं एक मुलगी म्हणाली दंड नसता तर माझ्या पणजीला शाळेत कुणी घातलंच नसतं. मग मी म्हटलं, १९१७ मध्ये आपल्या संस्थानात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड होता, आता बसा आणि उतारा वाचून बघा महाराजांनी तुमच्या दोन्ही बाजूंना काय उत्तर दिलंय. ६० पोरं एकाच वेळी खाली मान घालून वाचतायत हे दृश्य मी फार कमी वेळा बघितलंय. वाचून झाल्यावर परत उभं केलं, चार-पाच जणांनी जागा बदलली आणि का बदलली ते उताऱ्यातली ओळ दाखवून सांगितलं. ती ओळ दाखवणं माझ्यासाठी महत्त्वाचं, नाहीतर नुसतीच चर्चा होते आणि उतारा बाजूला राहतो, हा धोका या पद्धतीत आहे, मी त्यात दोन-तीनदा फसलेय.

चप्पल पण आणली होती एकदा. कोल्हापुरी चपलेवरचा उतारा होता, तर त्यातलीच एक कापशी चप्पल टेबलावर ठेवली, काहीच बोलले नाही. म्हटलं हिच्याकडं बघून मागच्या पानावर तीन प्रश्न लिहा, उत्तरं नकोत. हे मागच्या पानावर लिहिणं मी आता सगळीकडंच करते, कारण तोंडी विचारलं की तीच तीन पोरं बोलतात आणि बाकीची त्यांच्या मागं लपतात, एक मिनिट लिहायला दिलं की प्रत्येकाचं काहीतरी कागदावर येतं. प्रश्न आले ते असे की ही एवढी महाग का, शिवण कशानं घालतात, मशीनवर का करत नाहीत, कोल्हापुरी म्हणतात तर मग कर्नाटकात पण कशी बनते. हा शेवटचा प्रश्न तर उताऱ्याचं हृदयच होतं, कारण २०१९ मध्ये चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे मिळून.

तीन रकाने करायची पण एक पद्धत आहे, डोना ओगल यांनी १९८६ मध्ये मांडलेली, मला काय माहीत आहे, काय जाणून घ्यायचंय, काय कळलं. आपल्याकडच्या ट्रेनिंगमध्ये पण ती सांगतात. माझा अनुभव असा की नुसती दिली तर मधला रकाना रिकामा राहतो. पोराला काहीच जाणून घ्यायचं नसतं आणि तो बिचारा खरं तेच लिहितो. आधी चप्पल ठेवा, भांडण लावा, चोर करा, मग मधला रकाना आपोआप भरतो.

आणि काय करू नये तेही लिहिते, कारण हे सगळं मी स्वतः वर्षानुवर्षं केलंय. धड्याचा सारांश आधी सांगून टाकायचा नाही. चावी देणं वेगळं आणि हाताला धरून अख्खं घर फिरवून आणणं वेगळं, मग पोरानं वाचायचं कशासाठी? लेखकाचा जन्म, मृत्यू, पुरस्कार हे शेवटी सांगितलेलं बरं, तोपर्यंत त्या माणसाबद्दल थोडी ओढ तयार झालेली असते. आणि स्मार्ट बोर्डवर पंधरा मिनिटांचा व्हिडीओ नको, ३५ मिनिटांचा तास, त्यात पाच मिनिटं हजेरीत जातात, व्हिडीओ बघून झाल्यावर पोरांना वाटतं झालं की आता, कळलं सगळं. दीड मिनिटाचा तुकडा असेल आणि तो नेमका अडनिड्या जागी बंद केला तर गोष्ट वेगळी.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. ज्या पोराला अक्षरं जुळवून वाचताच येत नाही त्याला या सुरुवातीनं वाचता येणार नाही. 'असर' या शिक्षणाच्या पाहणीचा २०२३ चा अहवाल ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलांचा होता, देशभरातल्या निवडक जिल्ह्यांचा, त्यात जवळपास २५ टक्के मुलांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सफाईनं वाचता आला नाही. अशी मुलं माझ्याही वर्गात आहेत. त्यांच्यासाठी शाळा सुटल्यावर बसावं लागतं, रोज थोडं, मोठ्यानं, ते काम निराळं आणि त्याला पर्याय नाही. खरं एवढं बघितलंय की चोराच्या तासाला तीही पोरं पुस्तकात डोकं घालून शेजारच्याला विचारतात, इथं काय लिहिलंय रे. एरवी ती खिडकीबाहेर बघतात.

आता तक्रार म्हणा किंवा विनंती म्हणा. मागं एकदा माझा तास बघायला वरिष्ठ आले होते, पोरं उभी राहून वाद घालत होती, पुस्तकं बंद. पाच मिनिटं बघून ते म्हणाले, मॅडम अजून पान उघडलं नाही तुम्ही? शेरा पडला की अध्यापनास विलंब. मला वाईट वाटलं ते शेऱ्याचं नाही, त्यानंतरचं अर्धं वर्ष मी भिऊन परत तीच झाडांचे उपयोगवाली प्रस्तावना करत राहिले त्याचं वाटलं. तेव्हाची पोरं दहावी होऊन गेली, त्यांना मी चोर केलं नाही. म्हणून तमाम मुख्याध्यापकांना आणि तपासणीला येणाऱ्या साहेबांना हात जोडून सांगणं आहे, मराठीच्या तासाला पहिल्या पाच मिनिटांत पुस्तक बंद दिसलं तर लगेच शेरा मारू नका, सहाव्या मिनिटाला पोरं कशी वाचतायत ते बघून मग मारा.

आणि संपादकसाहेब, तुमच्याकडं एक मागणं. ज्या गावात १८५० सालापासून करवीर नगर वाचन मंदिर उभं आहे त्या गावातल्या पेपरला हे जड नाही. आठवड्यातून एकदा, सोमवारी असेल तर फारच बरं कारण माझा आकलनाचा तास मंगळवारी असतो, एका कोपऱ्यात आपल्याच भागातली शंभर-दीडशे शब्दांची बातमी शीर्षकाशिवाय छापा, आणि तिचं शीर्षक शेवटच्या पानावर. बास एवढंच, खाली प्रश्न नकोत, चौकटी नकोत, बक्षीस पण नको. पोरांनी बातमी वाचायची, शीर्षक स्वतः द्यायचं, मग मागचं पान उलटून तुमच्या उपसंपादकांनी काय दिलंय ते बघायचं आणि आमचं चांगलं की त्यांचं यावर भांडायचं. हद्दवाढीची बातमी द्या, रंकाळ्याची द्या, गुळाच्या सौद्याची द्या, खासबागेतल्या कुस्तीची द्या. पहिल्या चार आठवड्यांच्या बातम्या निवडून, मजकूर मोजून द्यायला मी तयार आहे, तुमच्या ऑफिसला शनिवारी शाळा सुटल्यावर येऊ शकते.

ती "मी वाचलो न्हाई" म्हणणारी मुलगी आता दहावीला आहे. परवा तिनं वाड्याच्या उताऱ्याची झेरॉक्स मागून नेली, आजीला वाचून दाखवायची आहे म्हणाली, आजी पण अशाच एका वाड्यातनं आलेली आहे.

आपली नम्र,
एक माध्यमिक शिक्षिका,
मंगळवार पेठ, कोल्हापूर